एक बावन्नची किंचाळी

दुपारी बारा वाजून चार मिनिटांनी बॅटरीताई डाव्या दारावर तिकिटं फाडत होत्या. अर्धा तुकडा गिऱ्हाइकाच्या हातात, अर्धा कमरेच्या पिशवीत, आणि मान न वळवता एकच वाक्य : "पायरी सांभाळा." हे वाक्य त्या एकोणीस वर्षं म्हणताहेत. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आहे. बाकी सगळ्यांसाठी त्या बॅटरीताई, कारण डाव्या मनगटाला दोरीनं बांधलेली बॅटरी त्या घरी जाईपर्यंत सोडत नाहीत.

थिएटर एका पडद्याचं. ए ते एन अशा चौदा रांगा, रांगेत तीस खुर्च्या. त्या रविवारी सव्वाबाराच्या खेळाला चारशे वीसपैकी तीनशेच्या वर जागा भरल्या होत्या, आणि मॅनेजरला त्याचाच राग आला होता. लोक भुताचा सिनेमा बघायला नव्हे, हसायला येत होते.

सिनेमात नवरा-बायको सुट्टीला म्हणून तळ्याकाठच्या बंगल्यावर जातात. गाडी बंद पडते, फोन लागत नाही, आणि बंगल्यात आणखी कोणीतरी आहे हे हळूहळू त्यांना कळतं. प्रेक्षकांना ते बाहेर पोस्टरवरच कळलेलं असतं. दार अकरा वेळा करकरतं. ऑपरेटरनं मोजलं होतं. भूत पहिल्यांदा दिसतं तेव्हा त्याच्या कपाळावरची रंगाची कड सुटलेली असते, आणि तिथे शुक्रवारच्या पहिल्या खेळाला कोणीतरी ओरडलं होतं, "अहो, पुसून या!" शनिवारपर्यंत ते वाक्य सगळ्या हॉलला पाठ झालं होतं.

बॅटरीताईंनी यातलं काही पाहिलं नव्हतं. त्या सिनेमा बघत नाहीत. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, बाहेर जाण्याच्या लाल दिव्याखाली, पडद्याकडे पाठ करून त्या उभ्या राहतात आणि माणसं बघतात. पडद्याचा उजेड चेहऱ्यांवर पडतो तेवढा त्यांना पुरतो. चार वर्षांपूर्वीपर्यंत त्या दारात स्टुलावर बसायच्या. मग एकदा तीनच्या खेळाला एक गृहस्थ खुर्चीतच गेले. दिवे लागल्यावर बॅटरीताई त्यांच्यापाशी जाऊन दोनदा म्हणाल्या होत्या, "काका, सुटला सिनेमा." डॉक्टर म्हणाला, मध्यंतराच्या आधीच गेले असावेत. म्हणजे सव्वा तास ते गृहस्थ हॉलमध्ये मेलेले होते आणि बॅटरीताई दारात बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टूल कॅन्टीनला देऊन टाकलं.

तेव्हापासून त्यांना एकच धास्ती असते : दिवे लागतील आणि एकजण उठणार नाही. घरी सासूबाई दुपारी पडल्या की त्या जाता-येता त्यांच्या पायाला हात लावून बघतात. सासूबाई डोळे न उघडता म्हणतात, "जिवंत आहे गं. चहा टाक."

हॉलपुरती त्यांनी एक पद्धत बसवली. हसवणाऱ्या सिनेमात सगळे हसतात तेव्हा जो हलत नाही त्याच्याकडे बघायचं. भुताच्या सिनेमात सगळे दचकतात तेव्हा जो दचकत नाही त्याच्याकडे. बहुतेक वेळा तो झोपलेला असतो. बॅटरीताई जाऊन खुर्चीला हलकेच धक्का देतात, तो कूस बदलतो, काम झालं. चार वर्षं ही पद्धत चालली.

या सिनेमानं ती बंद पाडली. एक रांग हसायची, दुसरी फोनमध्ये असायची, तिसरी घोरायची. तीनशे माणसं एकाच वेळी हलतील असा एकही क्षण त्या सिनेमात नव्हता. शुक्रवारी आणि शनिवारी बॅटरीताई प्रत्येक खेळाला रांगारांगांतून फिरत राहिल्या आणि पोटऱ्या दुखून घरी गेल्या.

रविवारी सकाळी अकराला कॅन्टीनच्या काउंटरवर मॅनेजरनं आपला तोडगा सांगितला. कॅन्टीन बॅटरीताईंची नणंद चालवते. दोघी एकाच घरात राहतात. बॅटरीताईंचा नवरा वर्षभर दुसऱ्या शहरात गोदामावर असल्यामुळे घरात त्या दोघी आणि सासूबाईच असतात. नणंदेचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून रस्त्यातल्या रिक्षावाल्याला थांबवतो.

"हॉलमध्ये एक खरी किंचाळी पडली पाहिजे," मॅनेजर म्हणाला. "बाकीचे आपोआप घाबरतात. भीती जांभईसारखी असते."

"जांभया तर परवापासून चालूच आहेत," नणंद म्हणाली.

"तू किंचाळ. मागच्या रांगेत बस, न्हाणीघराचा पडदा सरकला की जोरात एकच. बरोबर एक बावन्नला येतं ते."

"आईला सांगू नका म्हणजे झालं. म्हणेल, घरी ओरडतेस ते पुरत नाही का."

बॅटरीताईंना हे पटलं नाही. "हॉलमध्ये कोणी ओरडलं की मी धावते," त्या म्हणाल्या. "आता कोणी खरंच ओरडलं तर मी काय समजायचं? ही ओरडली म्हणून उभी राहायचं?"

"ताई, एकच किंचाळी. एक बावन्नला. आधी नाही, नंतर नाही. तळहातावर लिहून घ्या."

बॅटरीताईंनी खरोखरच पेन काढून तळहातावर लिहिलं. मॅनेजर मग जिना चढून ऑपरेटरच्या खोलीत गेला आणि त्यालाही सूचना देऊन आला : आज हॉलमध्ये आरडाओरडा होईल, काही झालं तरी सिनेमा थांबवायचा नाही आणि दिवे लावायचे नाहीत. ही दुसरी सूचना त्यानं बॅटरीताईंना सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटलं नाही.

बारा वाजून नऊ मिनिटांनी ते दोघं आले. काका सत्तरीचे, काकू थोड्या लहान. दाराला सात पायऱ्या आहेत. काका चौथ्या पायरीवर थांबले आणि पोस्टर वाचू लागले. पोस्टरवर नाव आणि वेळ एवढंच वाचण्यासारखं होतं. ते बराच वेळ वाचत राहिले.

"काका, बरं वाटत नाही का?"

"झकास. गार आहे इथे."

"ह्यांना गार वाटतंय," काकू म्हणाल्या, "आणि शर्ट बघा."

शर्ट पाठीला चिकटला होता.

तिकिटं फाडून होईपर्यंत काकूंनी सगळं सांगून टाकलं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, दोघंच असे पहिल्यांदा फिरायला निघाले. गेस्टहाऊसचं आरक्षण मुलीनं करून दिलेलं. येऊन बघतात तर दाराला कुलूप आणि आत रंगकाम. दुसरीकडे जागा नाही. रात्र बसस्टँडच्या बाकावर काढली. परतीची बस साडेपाचला. "तोवर बसायचं कुठे? हे म्हणाले, सिनेमात बसू."

"कसला सिनेमा आहे हो?" काकांनी विचारलं.

"सुट्टीला गेलेल्या नवरा-बायकोचे हाल होतात."

"मग आम्हाला काय नवीन दाखवणार?" काका हसले, आणि हसताना त्यांनी कठडा धरला.

"समोरच्या गल्लीत दवाखाना आहे. रविवारीही डॉक्टर असतो."

"सुटला की जाऊ. तिकीट काढलंय ना."

त्यांची तिकिटं के-चौदा आणि के-पंधरा होती, रांगेच्या बरोबर मधोमध. नंबर सोडून कोणाला बसवायचं नाही असा नियम आतल्या भिंतीवर रंगवलेला आहे. बॅटरीताईंनी दोघांना के-एक आणि के-दोनवर बसवलं. ती कडेची जागा, दारापासून अकरा पावलांवर, आणि लाल दिव्याखालून थेट दिसते. काका कडेला बसले. बॅटरीताईंनी वाकून त्यांना सांगितलं, "मी अधूनमधून बघत जाईन. ठीक असलात तर हात वर करा."

"शाळेत असल्यासारखं?"

"तसंच."

पाच मिनिटांनी के-एक आणि के-दोनचे खरे मालक आले. दोघं तिशीतले मित्र, त्यातल्या एकाचा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. बॅटरीताईंनी हात जोडून त्यांना मधल्या जागा दिल्या. प्लास्टरवाला तेरा जणांच्या गुडघ्यांवरून लंगडत, माफी मागत आत गेला, आणि बसल्या बसल्या मित्राला म्हणाला, "भूत राहू दे, आधी ही बाई बघ."

पूर्वार्धात काकांनी पाच वेळा हात वर केला. दर वेळी बॅटरीताईंच्या मानेतली शीर जराशी सैल व्हायची आणि दहा मिनिटांत पुन्हा ताठ व्हायची. एक वाजता काकू नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या. रात्रभर सामानावर पाय ठेवून त्या जाग्या राहिल्या होत्या. भूत पडद्यावर आलं, हॉलनं एका सुरात "अहो, पुसून या!" म्हटलं, काकू हलल्यासुद्धा नाहीत. काका मात्र हसले. बॅटरीताईंना ते दिसलं.

एक बावीसला मध्यंतर झालं. बॅटरीताई कॅन्टीनवर गेल्या आणि काकांसाठी गोड चहा मागितला. गर्दी होती.

"वहिनी, रांगेत या," नणंद म्हणाली. "घरची म्हणून काय डोक्यावर बसाल?"

"दे गं लवकर. माणूस पांढरा पडलाय."

चहा घेऊन त्या परतल्या तेव्हा के-एकवर प्लास्टरचा पाय रांगेबाहेर पसरलेला होता. त्यांनी विचारलं, "काका कुठेत?"

"मॅनेजरनी आत पाठवलं, त्यांच्या जागेवर," प्लास्टरवाला म्हणाला. त्यानं मध्यंतरात तक्रार केली होती. तक्रार खोटी नव्हती. पाय दुमडत नव्हता, जागा त्याचीच होती. मॅनेजरनं स्वतः येऊन तिकिटं पाहिली आणि चौघांची अदलाबदल केली.

चहा रांगेतून हातोहात गेला. तेरा हातांमधून. तेवढ्यात दिवे मालवले, आणि काकांनी कप घेतला की काकूंनी, ते बॅटरीताईंना दिसलं नाही.

उत्तरार्ध जवळजवळ सगळा रात्रीचा आहे. बंगल्यातले दिवे गेलेले, मेणबत्ती एक. दिग्दर्शकानं भीती वाटावी म्हणून अंधार इतका गडद ठेवला होता की पडद्याचा उजेड चौथ्या रांगेपुढे पोचत नव्हता. के अकरावी रांग. लाल दिव्याखालून बॅटरीताईंना तिथे फक्त डोक्यांच्या आकृत्यांची एक ओळ दिसत होती. काका हात वर करत असतील तरी कळणार नव्हतं.

एक एक्केचाळीसला त्या के रांगेच्या डाव्या टोकाला गेल्या. बॅटरीचा झोत जमिनीवर ठेवायचा, चेहऱ्यावर कधीच टाकायचा नाही, हा थिएटरातला पहिला धडा. त्यांनी तो जमिनीवरच ठेवला. चपला, बूट, सांडलेले पॉपकॉर्न. पुढे काही नाही. मग वळसा घालून त्या उजव्या टोकाला गेल्या. तिथूनही तेच.

एक शेहेचाळीसला त्या बाहेर लॉबीत येऊन मॅनेजरला म्हणाल्या, "त्या काकांना मी पुन्हा कडेला आणते. कोणाला तरी उठवते."

"ताई, सहा मिनिटांवर आपला सीन आलाय. आता रांग उठवून गोंधळ नको."

"मला ते दिसत नाहीत."

"बसलेत ते आरामात. त्या प्रकारापासून तुम्हाला प्रत्येक म्हातारा मेलेलाच दिसतो."

बॅटरीताई माघारी वळल्या. पुढे त्यांनी सांगितलं की त्या क्षणी त्यांनाही वाटून गेलं, हा बरोबर बोलतोय. त्या आत गेल्या आणि लाल दिव्याखाली उभ्या राहिल्या. तळहात दिव्यासमोर धरून त्यांनी आकडा वाचला, मग घड्याळ पाहिलं. एक पन्नास. मागच्या रांगेत नणंद घसा खाकरत होती. आवाज ओळखीचा होता.

एक बावन्नला सिनेमातली बायको न्हाणीघरात शिरते. हा अख्ख्या उत्तरार्धातला एकमेव उजेडाचा प्रसंग. पांढऱ्या फरशा, पांढरा पडदा, पांढरा दिवा. हॉल चुन्यासारखा उजळला. न्हाणीघराचा पडदा सरकला आणि नणंद किंचाळली.

ती किंचाळी ज्यांनी ऐकली त्यांतले काहीजण अजून सांगतात की अशी त्यांनी सिनेमात कधी ऐकली नव्हती. पुढच्या रांगेत एकाच्या हातातले पॉपकॉर्न उडाले. एका बाईनं शेजारच्या परक्या माणसाचा दंड धरला. वेळ तळहातावर लिहिलेली असूनही बॅटरीताई दचकल्या. तीनशे डोकी एकाच वेळी वर उडाली. के रांगेत काकूंचं डोकं खांद्यावरून ताडकन उठलं.

त्या खांद्यावरचं डोकं हललं नाही.

बॅटरीताई धावल्या. प्लास्टरच्या पायावरून त्यांनी उडीच मारली. हॉल आता हसायला लागला होता, दचकल्याची लाज झाकायला माणसं हसतात तसा. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. रांगेतून गुडघ्यांना ढकलत जाणारी बाई बघून मागून आवाज आला, "अरे, ताईंना पण घेतलंय सिनेमात!"

त्यांनी बॅटरी वर केली आणि झोत सरळ काकांच्या चेहऱ्यावर टाकला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. चेहरा राखाडी. डोळे अर्धे उघडे. उजव्या हाताची मूठ शर्टात रुतलेली. त्यांनी नाकाशी हात धरला. श्वास होता, पण उथळ आणि घरघरता.

"अहो," काकू म्हणत होत्या, "अहो, उठा ना. काय झालं? हे असं का बघताहेत?"

"लाइट!" बॅटरीताई ओरडल्या. "लाइट लावा!"

"लाइट लावा!" अर्धा हॉल त्यांच्या सुरात ओरडला, मजेत. मागे कोणीतरी नणंदेची नक्कल करत किंचाळलं. मग आणखी एकजण.

वर ऑपरेटरनं खिडकीतून खाली पाहिलं. बॅटरीताई ओरडताना दिसल्या. मॅनेजरनं सांगितलेला आरडाओरडा तो हाच, असं त्याला वाटलं, आणि तो इतका बेमालूम जमला म्हणून त्यानं शाबासकीचा अंगठा वर केला. सिनेमा चालू राहिला. नायिका ओल्या पायांनी बोळातून पळत होती.

तेव्हा बॅटरीताईंनी बॅटरी त्याच्या खिडकीवर रोखली आणि तीनदा उघडझाप केली. थांबून पुन्हा तीनदा. रिळांच्या काळात फिल्मची पट्टी पेटली की खालून वर ही खूण करायचे. रिळं जाऊन अकरा वर्षं झाली. पण ऑपरेटर त्या काळातलाच. ती खूण कोणी गमतीत करत नाही हे त्याला माहीत होतं. त्यानं सिनेमा थांबवला आणि सगळे दिवे एकदम लावले.

दिवे लागल्यावर हॉल गप्प झाला. प्लास्टरवाल्याचा मित्र आणि मागच्या रांगेतला एक दणकट माणूस, यांनी काकांना उचलून कडेच्या वाटेवर आडवं केलं. नणंद अनवाणी दवाखान्याकडे पळाली. एक अठ्ठावन्नला डॉक्टर बॅग घेऊन आला, जिभेखाली गोळी ठेवली, छातीला कान लावला. रुग्णवाहिका मॅनेजरनं बोलावली होती. ती दोन वाजून आठ मिनिटांनी आली. काकू चप्पल शोधत होत्या. मॅनेजरनं त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं आणि स्वतः बरोबर गेला.

नणंद पायऱ्यांवर बसून रडत होती. "वहिनी, माझ्या ओरडण्यानं झालं का गं? घाबरून गेले का ते?"

बॅटरीताईंनी उत्तर द्यायच्या आधी आत जाऊन के-चौदाच्या खुर्चीखाली बॅटरी मारली. चहाचा कप तिथे होता. काठोकाठ भरलेला, वर घट्ट साय. कोणी ओठसुद्धा लावले नव्हते. त्या तो कप तसाच बाहेर घेऊन आल्या.

"हा दिवे मालवताना दिला होता. तेव्हाच त्यांना उचलवला नाही. तू ओरडलीस अठरा मिनिटांनी."

"मग?"

"मग काही नाही. तू ओरडलीस म्हणून मला दिसलं. डोळे पूस, पायात काच गेलीय बघ तुझ्या."

दोन वीसला लोकांच्या मागणीवरून सिनेमा पुढे सुरू झाला. उरलेला वेळ कोणी हसलं नाही. कोणी घाबरलंही नाही. सुटल्यावर दोघातिघांनी बॅटरीताईंना विचारलं, शेवटी भूत कोण होतं ते नीट कळलं नाही, तुम्हाला माहीत आहे का. त्या म्हणाल्या, मी पाहिला नाही.

पावणेसहाला मॅनेजर परत आला. काकांच्या हृदयाची नळी बंद झाली होती, ती उघडली. आणखी वीस मिनिटं गेली असती तर उघडायचं कारण उरलं नसतं, असं तिथला डॉक्टर म्हणाला. काका शुद्धीवर होते आणि बसची वेळ विचारत होते. मुलगी निघाली होती, पण तिला पोचायला उद्याची संध्याकाळ होणार.

तो काउंटरला टेकला. "लोक विचारताहेत, किंचाळीचा खेळ कुठला," तो म्हणाला. "उद्यासाठी."

"माझा घसा बसलाय," नणंद म्हणाली. तेही तिच्या नेहमीच्याच खणखणीत आवाजात.

"बरं." मग बॅटरीताईंकडे न बघता तो म्हणाला, "ताई, मघाशी मी लॉबीत जे बोललो..."

"सहाच्या खेळाची माणसं आलीत," बॅटरीताई म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या. तीन पावलं जाऊन त्या थांबल्या. "त्या काकू तिथे एकट्याच आहेत?"

"एकट्याच. सकाळपासून काही खाल्लेलं नाही. उठून गेले तर मागे ह्यांना काही होईल, म्हणतात. हलायला तयार नाहीत."

"भेटायला कधी सोडतात?"

मॅनेजरनं खिशातून हॉस्पिटलची चिठ्ठी काढून वाचली.

उद्या सोमवार. सिनेमा तोच, पहिला खेळ सव्वाबाराला. दार साडेअकराला उघडेल तेव्हा तिकिटं फाडायला नणंद असेल. वॉर्डात भेटायची वेळ साडेअकरा ते साडेबारा आहे.